आत्यानं पाहिलेले चार समुद्र

पुस्तकात छापून यावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही हे प्रकरण लिहायला बसलो आहे, तेव्हा आधीच माफी मागतो. माझ्याआधी आमच्या घरात कुणी पुस्तक लिहिणं सोडाच, विकत आणलेलंही मला आठवत नाही. वर्षाला एक पंचांग यायचं, तेही तमिळ. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण ती तंजावरची. ती बोलायची असते, लिहायची नसते, अशी आमची समजूत होती. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकलो आणि मराठी पुस्तकं वाचायला लागलो तो पंचविशी उलटल्यावर. म्हणून माझी वाक्यं कुठं कोऱ्या धोतरासारखी ताठ वाटली तर समजून घ्यावं. माझी माणसं जे बोलली तेही मी बरंचसं पुस्तकी करून लिहितो आहे. जसंच्या तसं लिहिलं तर कोकणातल्या लोकांचं झालं तेच तुमचं होईल. तुम्ही आदरानं मान डोलवाल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही.

राजवाड्याच्या मागच्या अंगाला आमची गल्ली होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओरत्तनाडूच्या रस्त्यावर एका भातगिरणीत मेस्त्री होते. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कोंडा बसलेला असायचा आणि कानात गिरणीचा आवाज. त्यामुळं जेवण होईपर्यंत आम्ही सगळे मोठ्यानं बोलायचो. कुठलाही दाणा दिसला की तो दाताखाली धरायचा, फोडायचा, आवाज ऐकायचा आणि मग मत द्यायचं, ही त्यांची सवय. माणसांबद्दलचं मतही याच भाषेत. कुणी ओलसर, कुणी नीट वाळलेला, कुणी वरून बरा पण आत तुकडा. मला कॉलेजात घातलं तेव्हा ते म्हणाले, "बघू, भरडल्यावर किती निघतो." मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. विषय भूगोल. आवड होती म्हणून नव्हे, बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. पण घेतल्यावर मी तो मनापासून वाचला. एकदा तर जेवताना पंगतीला मी वाऱ्यांचे प्रकार सांगू लागलो होतो, तेव्हा आईनं माझ्या पानात आणखी भात वाढून मला थांबवलं.

घर खऱ्या अर्थानं चालायचं ते आत्याच्या हुकमावर. आत्या आप्पांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन परत आलेली, आणि आल्या दिवसापासून कारभार तिच्याकडं. पहाटे कापीचं, म्हणजे कॉफीचं, फिल्टर थापटल्याचा आवाज आणि आत्याचा आवाज यांतला आधी कुठला सुरू होतो, हे मला कधी कळलं नाही. ती दूधवाल्याशी तमिळमध्ये भांडायची आणि कावळ्यांशी मराठीत. त्याचं कारण विचारलं तर म्हणायची, "दूधवाल्याला समजायला हवं ना."

या कावळ्यांमुळंच पुढचं सगळं झालं. त्या काळात कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहत होते, आणि ज्या फोनसाठी लोकांची निम्मी हयात जायची तो एकाएकी लोकांच्या घरी येऊ लागला होता. आमच्या समोरच्या वकिलांकडंही आला. तार ओढायला टेलिफोन खात्याचा एक तरुण अधिकारी माणसं घेऊन आला होता आणि माणसांना नीट जमेना म्हणून स्वतःच शिडीवर चढला होता. खाली आमच्या दारात आत्यानं तांदळाचे वडाम, म्हणजे कुरडयांसारखं वाळवण, वाळत घातले होते, आणि त्यावर कावळा उतरला.

"मेल्या, तुझ्या बापानं घातलेत काय रे वाळत?" आत्या म्हणाली.

शिडीवरून आवाज आला, "आजी, तुम्ही मराठी?"

आत्यानं वर बघितलं. "आजी कोणाला म्हणतोस? खाली ये आणि म्हण."

तो खाली आला. त्याचं नाव अनंत. गाव कोकणात, गुहागरच्या पुढं. तंजावरला येऊन त्याला बरेच महिने झाले होते, आणि इथं आपल्या भाषेत कुणाला, निदान कावळ्याला तरी, शिव्या मिळत असतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्या दिवशी तो आमच्याकडं जेवला. मग पुढच्या रविवारी जेवला. मग रविवार म्हणजे अनंत असंच झालं. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण तुळजा, टायपिंगच्या क्लासात शिकवायला जायची. एरवी रविवारी तिला दुपारपर्यंत उठवत राहावं लागे. ती आता पहाटे न्हाऊन, केसांत मोगऱ्याची मल्ली माळून इडलीचं उलुंदू, म्हणजे उडीद, वाटायला बसू लागली. रगड्यापाशी फुलं माळून बसलेली मुलगी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

अनंतानं आप्पांना विचारलं तेही गिरणीत जाऊन. तिथं त्याचं बोलणं आप्पांना ऐकू आलं नाही म्हणून त्याला ते ओरडून सांगावं लागलं, आणि अक्का त्याला आवडते ही गोष्ट आमच्याआधी गिरणीतल्या हमालांना कळली. आप्पा घरी येऊन म्हणाले, "नीट वाळलेला आहे. आत तुकडा नाही."

पण त्याच्या आईचा होकार हवा होता. वडील गेलेले. आई गावी एकटी, नारळी-पोफळीचं आगर सांभाळून राहणारी. रोज शिंपणं असल्यामुळं ती चिपळूणच्या पलीकडं कधी गेलेलीच नव्हती. तिनं अनंताला सांगितलं, फोटो नको, मुलगी एकटी बघून काय कळतं, सगळ्यांना घेऊन ये, चार दिवस राहू देत, मग मी बोलेन. आमच्यात मुलीकडच्यांनी असं उठून जायची रीत नाही. पण दुसरं स्थळ होतं पापनाशमच्या खतवाल्याचं, आणि अक्काला ते नको होतं. तो माणूस वाईट नव्हता. फक्त युरियाखेरीज त्याला विषय नव्हता. आमच्याकडं शेत नसताना त्यानं खताचं पोतं भेट पाठवलं होतं. आत्यानं त्यातलं थोडं कढीपत्त्याला घातलं, तर झाड वकिलांच्या गच्चीपर्यंत गेलं, आणि आत्याला हे लक्षण शुभ वाटू लागलं होतं.

"सेतू," अक्का मला म्हणाली, "हे मोडलं तर मी जन्मभर खताबद्दल ऐकत बसणार. तिकडं सगळ्यांना नीट वागायला लाव. तू शिकलेला आहेस."

मी हो म्हणालो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला कुणी शिकलेला म्हटलं की तो कशालाही हो म्हणतो.

आत्यानं जायला रुकार दिला, पण तिची एक अट होती. आमच्या घरातल्या मुली लग्न ठरत आलं की वेदारण्यमला नेत. पहाटे समुद्रात न्हायचं, ओलेत्यानं वाळूत बसायचं आणि पाण्यातून वर येणाऱ्या सूर्याला कापूर ओवाळायचा. असं केलं की ठरलेलं मोडत नाही. आत्या, आत्याची आत्या, सगळ्यांचं झालं होतं. आता आपण समुद्रावरच चाललो आहोत, तर तिथंच उरकू, असं आत्याचं म्हणणं. आत्याचं स्वतःचं लग्न वर्षभरही टिकलं नव्हतं. पण ठरलेलं मोडलं नव्हतं हे खरं, आणि हा मुद्दा तिच्यासमोर काढायची छाती आमच्यात कुणाचीच नव्हती.

गिरणीला नव्या भाताच्या आधीची मोकळीक होती तेव्हा आम्ही निघालो. आप्पा, आई, आत्या, अक्का आणि मी. बरोबर चिंचेचा भात, दही-भात, इडली-मिरचीची पूड, कापीची पूड, फिल्टर, कापी प्यायचे पितळी डबरा-टंबलर आणि एक जमखाना. कोकणात कापी मिळत नाही असं अनंत बोलून गेला होता, तेव्हापासून आत्या त्या प्रदेशाकडं दुष्काळी भाग म्हणून बघत होती. गाड्या बदलत, झोपत, उठत, दही-भात आंबत आंबत आम्ही कऱ्हाडला उतरलो. फलाटावर सगळीकडं मराठी पाट्या होत्या. मी त्या एकेक मोठ्यानं वाचत होतो आणि आप्पा प्रत्येक पाटीला मान देत होते. "मुतारी" ही पाटीसुद्धा त्यांनी हात जोडल्यासारखं करून ऐकली. आमची माणसं इथून निघून किती पिढ्या झाल्या कोण जाणे. परतणारे आम्हीच पहिले, ही भावना त्यांच्या चेहऱ्यावर होती. चहाच्या टपरीवर त्यांनी अत्यंत शुद्ध मराठीत सांगितलं, "आम्ही राजांबरोबर गेलो होतो." टपरीवाल्यानं विचारलं, "कधी येणारेत राजे?" आणि पाच कप पुढं केले.

मग एसटी घाटाला लागली. इथं वाचकांनी लक्षात घ्यावं की तंजावर म्हणजे ताट आहे. आमच्याकडं उंच म्हणून जे काही आहे ते माणसांनी बांधलेलं, आणि त्यातलं सगळ्यात उंच म्हणजे मोठं देऊळ. उंची मोजायचं आमचं मापही तेच. कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी डोंगर दिसले तेव्हा आप्पा म्हणाले, "दोन देवळं असेल." थोड्या वेळानं म्हणाले, "पाच." मग दरी दिसली आणि ते मोजायचे थांबले. आईनं पदरानं डोळे झाकले ते चिपळुणातच उघडले. आत्या खिडकीशी बसून लिंबू हुंगत होती.

"सेतू, हे कोणी बांधलं रे?"

"कोणी नाही आत्या. ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर साचून झालं."

"मुकाट बैस. असंच कोण साचू देईल?"

आप्पांचा प्रश्न निराळाच होता. ते बराच वेळ उताराकडं बघत होते. शेवटी त्यांनी कंडक्टरला विचारलं, "इथं रोपं लावली तर पाणी उभं कसं राहतं?" कंडक्टर म्हणाला, "राहत नाही." आप्पांनी मागं वळून आमच्याकडं असं बघितलं, जणू या लोकांची अडचण आता त्यांना कळली होती.

अनंत एक दिवस आधीच पोचला होता. घर डोंगराच्या पायथ्याशी, समोर आगर, आगराच्या पलीकडं सुरूची झाडं आणि मग समुद्र. त्याची आई ओटीवर उभी होती. उंच, सडपातळ, हातात झावळीचा हीर. "या हो, बसा. दमला असाल," ती म्हणाली. आप्पांनी पुन्हा राजांपासून सुरुवात केली. दोन्हीकडची भाषा मराठीच, पण कळावं म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं हळू आणि मोठ्यानं बोलत होता, त्यामुळं वाटेनं जाणाऱ्यांना भांडण लागल्यासारखं वाटलं असणार. आम्ही तिला काकू म्हणू लागलो. पहिल्या जेवणात लाल तांदळाचा भात होता. आप्पांनी सवयीनं एक कच्चा दाणा मागून घेतला आणि दाताखाली फोडला. सगळे थांबले. "चांगला," आप्पा म्हणाले, आणि काकूंच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं. मग आत्यानं कापी केली. काकूंनी भिडेखातर टंबलरभर घेतली. त्या रात्री त्यांना झोप आली नाही, आणि सकाळी आम्ही उठलो तेव्हा मागचं अंगण, पुढचं अंगण आणि गोठा सारवून झाले होते.

दुसऱ्या दिवशी अनंतानं जीप सांगितली होती. त्या दिवसासारखं फिरणं मी पुढं आयुष्यात पुष्कळ केलं, विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीही हिंडलो, पण पहिल्यांदा पाहिलेलं ते पहिल्यांदाच पाहिलेलं. चढावर जीप घुरघुरत जायची, वर कातळाचा सडा लागायचा, पिवळं गवत आणि वारा, आणि मग रस्ता एकदम खाली वळायचा की झाडांच्या फटीतून निळं पाणी. प्रत्येक उतरणीच्या तळाशी एक गाव, एक देऊळ, एक समुद्र. आत्या दर वेळी विचारायची, "हा मघाचाच समुद्र ना?" हेदवीला खडकात एक अरुंद चीर आहे, भरतीचं पाणी तीत घुसून कारंज्यासारखं वर उडतं. अनंत सांगत होता, जरा मागं उभ्या राहा. आत्या म्हणाली, "वेदारण्यम, पूंपुहार, नागपट्टणम, रामेश्वरम, चार समुद्र बघितलेत मी. मला कोण शिकवणार?" पुढच्या लाटेनं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घातलं. आप्पा हसले. आत्या संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही, आणि तिच्याशी वाद घालायचं धाडस पुढं दोन दिवस तरी कुणाला होणार नव्हतं. हे सांगणं जरूर आहे, कारण संध्याकाळी आम्ही वेळणेश्वरला पोचलो तेव्हा सूर्य खाली येत होता. आणि तो पाण्यात बुडाला.

आमच्यापैकी कुणीही असलं काही पाहिलं नव्हतं. आमच्याकडं सूर्य मावळतो तो भातशेतात, नाही तर बसस्टँडच्या मागं. अनंत जीपवाल्याशी बोलत होता. आम्ही पाचही जण वाळूत उभे राहिलो आणि बघत राहिलो. मग आत्या त्या लाटेनंतरचं पहिलं वाक्य बोलली. "बरं झालं. जागा कळली."

"कसली जागा?" मी विचारलं.

"उद्या पहाटे वर कुठून येणार त्याची."

मी भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो की आत्या, हा समुद्र पश्चिमेला आहे, इथं सूर्य मावळतो, उगवेल तो मागून, डोंगरावरून.

"विहिरीत पडलेला तांब्या," आत्या म्हणाली, "दुसऱ्या विहिरीतून निघतो काय रे?"

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा विचारात पडले होते. "तू बघितलंस का कधी, इथं उगवताना?"

"बघितलं नाही. पण नकाशात..."

"आत्यानं चार ठिकाणी बघितलंय. चारही वेळा समुद्रातूनच आला."

अक्कानं मला कोपरानं ढोसलं. "गप रे. तिचं मन मोडू नको. दिवस नीट जाऊ दे." आणि मी गप्प झालो. खरं सांगायचं तर रात्री जमखान्यावर पडल्यापडल्या मलाही वाटू लागलं की चार ठिकाणचा अनुभव ही काही साधी गोष्ट नाही. मी तरी काय, एक नकाशा पाहिलेला. नकाशा उलटाही धरला गेला असेल.

यजमानांना त्रास नको म्हणून पहाटे कुणाला न सांगता आम्ही मागच्या दारानं समुद्रावर गेलो. अक्का पाण्यात बुडी मारून आली आणि हिरव्या रेशमी साडीत कुडकुडत बसली. आम्ही ओळीत बसलो, समुद्राकडं तोंड करून. आप्पांनी पंचा पांघरला होता, आईच्या हातात ताट, ताटात कापूर, हळद-कुंकू, केळी. आत्या सगळ्यात पुढं. उजाडू लागलं. पाणी आधी काळं होतं, मग राखाडी झालं, मग दुधासारखं. "आता," आत्या म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आता."

सूर्य येईना, पण माणसं यायला लागली. त्या काळी गावातले पुरुष सकाळी टमरेल घेऊन समुद्रावरच येत. सुरूंतून एक जण आला, त्यानं रेशमात आणि कापरात बसलेलं आमचं कुटुंब पाहिलं आणि टमरेल मागं लपवून तो उलटा फिरला. दुसरा आला. तिसरा आला. आमची पाठ त्यांच्याकडं होती, आणि आम्ही कधी उठतो याची वाट बघत ते झाडांमागं घुटमळू लागले. मी एकदा वळून बघितलं, तर बरीच डोकी होती आणि कुणाच्याही चेहऱ्यावर शांती नव्हती.

तेवढ्यात अनंत आम्हाला शोधत आला, हातात चहाची किटली. तो आमच्यामागं येऊन थांबला. त्यानं आमच्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, समोरच्या समुद्राकडं बघितलं. त्याचा सगळा जन्म त्या किनाऱ्यावर गेलेला. सगळं त्याच्या लक्षात आलं हे मला त्याच्या तोंडावरून दिसलं. आता हा हसेल, आणि अक्का उरलेलं आयुष्य युरियाबद्दल ऐकेल. अनंतानं किटली वाळूत ठेवली, चपला काढल्या, आणि आप्पांच्या शेजारी मांडी घालून बसला, पश्चिमेकडं तोंड करून.

"आता येईल," आप्पा त्याला म्हणाले.

"हो," अनंत म्हणाला.

अक्कानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. मला वाटतं, नकाशाबद्दल तिला पहिल्यापासून शंका नव्हती. तिचं कुडकुडणं थांबलं. तसेच आम्ही सहा जण बसून राहिलो. मग मानेला ऊब लागली. समोरच्या ओल्या वाळूवर एकाएकी आमच्याच सावल्या पसरल्या, लांबच लांब, डोकी पार पाण्यात गेलेली. आत्या आपल्या सावलीकडं बघत राहिली. कापूर तिच्या हातात तसाच होता.

"मागून आला," ती म्हणाली.

इतक्यात सुरूंतून काकू येताना दिसल्या. टमरेलवाल्यांपैकी कुणीतरी त्यांच्या ओटीवर जाऊन तक्रार केली होती, की वहिनी, तुमचे पाहुणे केव्हाचे बसलेत, उठत नाहीत, आम्ही जायचं कुठं. काकूंनी ओळीवरून नजर फिरवली. "काय झालं? काही हरवलंय का?"

"सूर्य," आप्पा प्रामाणिकपणं म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी अनंताकडं बघितलं. "आणि तू रे? तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग बसलास कशाला?"

"हे सगळे इतक्या खात्रीनं बसले होते," अनंत म्हणाला, "म्हटलं, आज येईलही."

काकूंनी चहाची किटली उचलली आणि त्या घराकडं चालू लागल्या. त्या दिवशी त्या विशेष बोलल्या नाहीत. वाढलं भरपूर, पण जे काही पाहायचं ते आमच्याकडं न पाहता, आगराकडं. निघताना आईच्या ओटीत त्यांनी नारळ घातला. आप्पांनी विचारलं, "मग कसं?" तर म्हणाल्या, "कळवते." एसटी घाट चढू लागली तेव्हा आईनं डोळे झाकले, आणि या वेळी आम्ही सगळ्यांनीच झाकले.

तंजावरला आल्यावर वाट बघणं सुरू झालं. अनंत कामावर परतला, पण आईचं उत्तर त्यालाही मिळालेलं नव्हतं. तो रविवारी यायचा, जेवायचा, आणि आम्ही हवामानाबद्दल बोलायचो. अक्कानं फुलं माळणं सोडलं. घरात दोषाची वाटणी झाली. आत्याच्या मते चूक सूर्याची. आईच्या मते कापीची, तिनं काकूंचं पित्त खवळलं. मग एका जेवणात आप्पा माझ्याकडं वळले.

"तुला माहीत होतं ना, तो मागून येतो?"

"मी सांगितलं होतं आप्पा."

"हळू सांगितलंस. कॉलेजात घातलं ते हळू बोलायला?"

पापनाशमहून निरोप आला, की खतवाल्याचा मोठा भाऊ पुढल्या पंधरवड्यात बोलणी करायला येऊ इच्छितो. आत्या त्याला या म्हणाली नाही, पण येऊ नका असंही म्हणाली नाही. त्या रात्री अक्का जेवली नाही. मी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि परत आलो.

दोनच दिवसांनी ही गोष्ट झाली. मी वर्गात होतो. आमचे प्राध्यापक फळ्यावर नद्या काढत होते आणि कावेरीला येऊन पोचले होते. वर्गाच्या दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून मी बघितलं, तर आप्पा. मी कॉलेजात गेल्यापासून ते एकदाही फाटकाच्या आत आलेले नव्हते. त्या दिवशी गिरणीतून जेवायला घरी गेले होते आणि तिथून तसेच सायकलवर आले होते, भुवया पांढऱ्या, चपला बाहेर काढून ठेवलेल्या, देवळात काढतात तशा. प्राध्यापकांनी खडू थांबवला. मी बाहेर गेलो. कुणीतरी गेलं असावं असंच माझ्या मनात आलं.

"वकिलांकडं फोन आला होता," आप्पा म्हणाले. कानातली गिरणी अजून थांबली नव्हती, त्यामुळं ते ओरडूनच बोलत होते आणि सगळा वर्ग ऐकत होता. "अनंताची आई. गुहागरच्या बूथवरून. जन्मात पहिल्यांदा फोन धरलाय म्हणाली. तिला आगर शिंपायला माणूस मिळत नव्हता. इतके दिवस तेच शोधत होती. माणूस मिळाल्याशिवाय निघता येत नाही, आणि निघता येत नसेल तर हो कसं म्हणायचं, म्हणून कळवलं नाही. आता मिळालाय."

"म्हणजे होकार?"

"होकार त्याच दिवशी होता म्हणे. पोरगा सकाळी उठून खोट्या सूर्यासाठी वाळूत बसतो, आता त्याला आणखी काय विचारायचं, असं म्हणाली. लग्न इकडं करायचं. पण लग्नाच्या आधी तिला वेदारण्यमला न्यायचं. साठी आली, सूर्य पाण्यातून निघताना बघितला नाही म्हणाली. आत्याशेजारी बसणार." आप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. "फक्त एक विचारलंय तिनं. एवढ्या लांब यायचं, तर तिकडं तो नक्की समोरून येतो ना. आत्या हो म्हणत होती, मी तिला बोलू दिलं नाही. फोन तसाच धरून ठेवायला सांगितलाय वकिलांना. म्हटलं, सेतूला विचारून येतो."